टालीवर जाण्याआधी: घरासाठी चिरलेलं लाकूड कसं पारखावं

पुण्या-नागपूरकडे जिला वखार म्हणतात, तिला आमच्या इंदुरात टाल म्हणतात. टालीवर पाय ठेवला की पहिला प्रश्न ठरलेला: "भाभीजी, एक नंबर दिखाऊँ के दो नंबर?" कुणाच्या तोंडून दो नंबर निघणार? आपण एक नंबर म्हणतो, भावही एक नंबरचा मोजतो, आणि घरी जे येतं ते पावसाळा सरल्यावर आपली जात दाखवतं.

आमच्या घराची मुख्य चौखट मी अशीच घेतली होती. जुलै महिना, मिस्त्री घाईवर आलेला, टालवाल्याने गणपतीची शपथ घेऊन "सूखा माल" सांगितलेलं. होळीपर्यंत चौखटीच्या दोन्ही वरच्या कोपऱ्यांत पोस्टकार्ड आरपार जाईल एवढी फट पडली. टालवाला म्हणाला, हवा बदलली. त्याचं अगदीच खोटं नव्हतं, पण हवा बदलणार हे त्याला आधीपासून ठाऊक होतं आणि मला नव्हतं. तेव्हापासून नात्यात कुणाचंही घर निघालं की लाकूड घ्यायला मी सोबत जाते. पहिल्यांदा घर बांधणाऱ्यांसाठी तेच इथे क्रमाने लिहिते आहे.

प्रत ठरवण्याचे नियम आहेत, शिक्का नाही

एक नंबर, दो नंबर ही टालीवरची बोली आहे. दर टालीला तिचा अर्थ वेगळा. भारतीय मानकांत मात्र बांधकामाच्या लाकडाच्या तीन प्रती स्पष्ट दिल्या आहेत: सिलेक्ट, ग्रेड एक आणि ग्रेड दोन. आयएस 3629 हे बांधकामाच्या लाकडाचं मानक, आणि त्या लाकडाच्या तुळया, वासे किती भार पेलतील त्याचा हिशोब आयएस 883 मध्ये. 2016 च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेतही सहाव्या भागात लाकूड आणि बांबूचं प्रकरण आहे. ग्रेड एकच्या लाकडाला जेवढा ताण चालतो, त्याच्या 1.16 पट सिलेक्टला आणि 0.84 पट ग्रेड दोनला धरतात. म्हणजे ग्रेड एकची तुळई शंभर किलोंना पुरत असेल, तर तेवढ्याच मापाची ग्रेड दोनची चौऱ्याऐंशीलाच पुरेल.

ही प्रत ठरते नजरेने आणि फुटपट्टीने. त्याला यंत्र लागत नाही. अमेरिकेत बांधकामाच्या लाकडावर प्रतीचा शिक्का असतो, आणि न्यू हॅम्पशर, विस्कॉन्सिनसारख्या राज्यांत गावातल्या छोट्या आरागिरणीलाही ठरावीक अटींवर आपलं लाकूड शिक्क्याशिवाय थेट घर बांधणाऱ्याला विकायची मुभा आहे. आपल्याकडे मानक कपाटात आणि लाकूड टालीवर, दोघांची गाठ क्वचितच पडते. तेव्हा ती आपणच घालून द्यायची.

आधी घरी बसून ठरवा, लाकूड कशासाठी

लोक इथेच घाई करतात. आजकालच्या सिमेंटच्या घरात लाकूड लागतं ते चौखटी, दारांचे पल्ले, खिडक्या, फार तर जिन्याचा कठडा. या लाकडाला भार पेलायचा नसतो, त्याने फक्त जागच्या जागी राहायचं असतं. वाकायचं नाही, आकसायचं नाही, वाळवीने खायचं नाही. कौलारू पडवी, पोटमाळा किंवा जुन्या वाड्याच्या तुळया बदलायच्या असतील, तर प्रश्न ताकदीचा. दोन्हींसाठी एकच पारख लावली की एकतर पैसे वाया जातात, नाहीतर छत झुकतं.

मानकात लाकडांचे ताकदीनुसार अ, ब, क असे तीन गट आहेत. साल अ गटात येतो, साग ब गटात, देवदार क गटात. सागाला राजा मानणाऱ्यांना हे ऐकून धक्का बसतो. साग राजा आहे तो ताठपणात नव्हे, गुणांच्या बेरजेत: आकसतो कमी, गाभा टिकतो, रंध्याखाली मऊ चालतो. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेने इतर लाकडांची तुलना करताना सागालाच शंभर धरलं, ते यामुळेच. तुळईला मात्र वाळलेला, सरळ साल सागापेक्षा सरस ठरू शकतो. चौखटीला साल लावाल तर तो पिळतो, फाटतो, आणि खिळा ठोकताना सुतार तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो.

तुळयांच्या बाबतीत एकच सांगते: माप इंजिनिअरकडून काढून घ्या. "आमच्याकडे असंच घालतात" या वाक्यावर छत उभं करू नका.

उजेडात न्या आणि टोकाकडून बघायला सुरुवात करा

टालीवर लाकूड नेहमी अंधाऱ्या शेडमध्ये आडवं रचलेलं असतं. आपल्याला हवे ते नग बाहेर उन्हात काढायला लावा. कंटाळा करतील, तरी लावा. बरोबर ठेवायचं सामान: मोजपट्टी, टाचणी, पाण्याची छोटी बाटली, पेन्सिल आणि जमलं तर आपला सुतार. मात्र तो टालवाल्याने सुचवलेला सुतार नसावा.

सगळ्यात आधी टोक बघा. टोकावर झाडाच्या वाढीच्या कड्या, म्हणजे गोल वर्तुळं दिसतात आणि त्यातच निम्मी कुंडली कळते. मधोमध भेंडासारखा ठिपका, म्हणजे खोडाचा अगदी आतला भाग, नगात आला असेल तर तो नग बाजूला ठेवा. त्याच्याभोवती आज ना उद्या चांदणीसारख्या भेगा पडतात. टोकाला गेरू किंवा रंग फासलेला असेल तर बिघडत नाही, टोकं लवकर वाळून फुटू नयेत म्हणून तसं करतात. पण दुसरं टोकही रंगवलेलं असेल तर एक बाजू दोन इंच कापून दाखवायला सांगा. ती कापायला नकार देणाऱ्याकडून मी लाकूड घेत नाही.

टोकावर फिकट पिवळसर पट्टा दिसतो तो बाहेरचा, कच्चा भाग. आत सोनेरी-तपकिरी गाभा. इथे एक गैरसमज दूर करते: कच्चं लाकूड कमकुवत नसतं, भार पेलण्यात ते गाभ्याच्या फार मागे नाही. त्याचा दोष टिकण्यात आहे. त्यात पिष्ट असतं आणि भुंग्याला तेच हवं असतं. सागाच्या गाभ्याला जे तेल वाचवतं ते कच्च्या भागात नसतं. म्हणून चौखटीत पांढरा पट्टा नकोच, आणि चुकून एखाद्या कोपऱ्यावर आलाच तर तो भिंतीकडे न जाता खोलीकडे येईल असा बसवा. म्हणजे निदान दिसेल तरी.

पांढरं झाकायला पातळ तपकिरी रंग किंवा जळकं तेल पुसण्याची युक्ती जुनीच आहे. बाटलीतलं पाणी चोळा, बोटाला रंग लागतो का बघा. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे एका कडेला वीतभर रंधा मारायला लावणं. ताज्या रंधलेल्या सागाला चामड्यासारखा तेलकट वास येतो आणि बोटाला किंचित गुळगुळीत लागतं. एकदा तो वास नाकात बसला की तुम्ही डोळे मिटूनही साग ओळखाल.

"सीपी" म्हणजे आपला मध्य प्रांताचा साग, "बल्लारशा" म्हणजे चांद्याकडचा, आणि घाना, इक्वेडोर वगैरे म्हणजे बहुधा गांधीधाम-कांडल्याहून आलेला परदेशी लागवडीचा. टालीवर ही नावं मुक्तहस्ते वाटली जातात. लागवडीचा साग वाईटच असतो असं नाही. कड्या रुंद म्हणून लाकूड दुबळं, हेही सरसकट खरं नाही. पण कोवळ्या झाडात पांढरा भाग जास्त असतो, म्हणून तिथे टोकाची तपासणी दुप्पट करा. नावाचे पैसे मोजायचे नाहीत, समोरच्या नगाचे मोजायचे.

रेषा, गाठी, आणि जे अजिबात चालत नाही

आता नग लांबीत बघा. लाकडाचे तंतू कडेला समांतर धावायला हवेत. ते तिरके जात असतील तर तिथून लाकूड फाटतं. मानकाचा नियम असा: सिलेक्टमध्ये 20 इंच लांबीत तिरपेपणा जास्तीत जास्त 1 इंच, ग्रेड एकमध्ये 15 इंचात 1, ग्रेड दोनमध्ये 12 इंचात 1. फसवणूक इथे आपली आपणच करून घेतो, कारण डोळ्याला दिसते ती कड्यांची नक्षी, तंतूंची दिशा नव्हे. ती कळायला नगावरच्या बारीक भेगा बघा, त्या तंतूंच्या दिशेनेच जातात. भेगा नसतील तर टाचणी जरा दाबून ओढा, ती तंतूंच्या कलाने सरकते. शाईचा एक थेंब टाकलात तर तोही तंतूंवरून लांबट पसरतो. टालवाल्याला हे जादूटोण्यासारखं वाटतं, पण भाव बोलताना आवाज जरा खाली येतो.

गाठ दिसली म्हणून दचकू नका. आजूबाजूच्या लाकडाशी एकजीव झालेली, घट्ट गाठ जिवंत. भोवती काळं कडं असलेली, नखाने हलणारी गाठ मेलेली, ती उद्या निखळून पडणार. जिवंत गाठ कुठे आहे ते महत्त्वाचं. तुळईच्या मध्यावर खालच्या कडेला गाठ असेल तर तो नग तुळईसाठी नकोच, कारण सगळा ताण तिथे येतो. तीच गाठ टेकूजवळ, उंचीच्या मधोमध असेल तर फारसं बिघडत नाही. चौखटीत बिजागरीच्या आणि कडीच्या जागी गाठ नको. माझा स्वतःचा अंदाज असा की कडेला आलेली गाठ रुंदीच्या चौथ्या हिश्श्याहून मोठी असेल तर पुढचा नग मागावा.

सालकट, म्हणजे कोपरा पूर्ण न निघता सालीच्या गोलाईचा राहिलेला भाग, हाही मापात बसवलेला आहे: ज्या बाजूवर तो आलाय तिच्या रुंदीच्या सिलेक्टमध्ये आठवा हिस्सा, ग्रेड एकमध्ये सहावा, ग्रेड दोनमध्ये चौथा. आणि काही दोष असे आहेत ज्यांना कुठल्याच प्रतीत जागा नाही: आरपार चीर, गाभ्याची किंवा कच्च्या भागाची कुज, वाकडेपण, आणि पावडर पाडणाऱ्या भुंग्याची भोकं. ही भोकं टाचणीच्या टोकाएवढी असतात आणि खाली पिठासारखा भुगा पडतो. नग जमिनीवर आपटून बघा, पीठ गळलं तर तो नगच काय, त्याच्या शेजारचेही नकोत.

वाकडेपण बघायला नगाचं एक टोक डोळ्याजवळ धरून बंदुकीसारखी नजर लावा. बाक लगेच दिसतो. पिळ दिसायला नग सपाट फरशीवर ठेवून चारही कोपरे दाबा, एखादा डुलला तर पिळ आहे.

ओल: सगळं इथेच बिघडतं

साधारण 28-30 टक्क्यांच्या खाली ओल उतरली की लाकूड आकसायला लागतं. लांबीत नाममात्र, पण कड्यांच्या गोलाईच्या दिशेने सगळ्यात जास्त, आणि गाभ्याकडून सालीकडे त्याच्या साधारण निम्म्याने. आकसण्यातला हाच फरक लाकूड वाकवतो. माळव्याची हवा तर टोकाची: ऑगस्टमध्ये कपाटातल्या चपलांना बुरशी, आणि मे महिन्यात ओठ फुटतात. जुलैत ओलं घेतलेलं पाच इंच रुंद लाकूड मेपर्यंत तीन-चार मिलिमीटर आकसतं, सागासारखं कमी आकसणारं असलं तरीही. आमच्या चौखटीतलं पोस्टकार्ड तिथून गेलं.

आयएस 287 मध्ये हवामानाच्या पट्ट्यांनुसार ओलीची मर्यादा दिली आहे. दोन इंच वा जास्त जाडीच्या दार-खिडकीच्या लाकडाला 10 ते 16 टक्के, कोरड्या पट्ट्यात कमी, दमट पट्ट्यात जास्त. इंदुरात मी 12 ते 14 टक्क्यांवर अडून बसते.

ओल मोजायचं दोन सुयांचं मीटर मिळतं, ते असेल तर उत्तम. नसेल तर स्वयंपाकघर आहे. नगाच्या टोकापासून फूटभर आतून (टोकं नेहमीच जास्त वाळलेली असतात, म्हणून टोकाचा तुकडा घेऊ नका) बोटभर जाडीची चकती कापून आणा. लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, घरी येताच वजन करा. मग ओव्हन 100 अंशांच्या आसपास ठेवून ती वाळवा, दर तासा-दीड तासाने वजन करा, लागोपाठ दोन वजनं सारखी आली की झालं. ओव्हनपाशीच थांबा. मायक्रोवेव्ह वापरू नका. ओल्या वजनातून कोरडं वजा करा, उरलेलं कोरड्या वजनाने भागा, शंभराने गुणा. गेल्या वर्षी भाच्याच्या चौखटीची चकती 131 ग्रॅमची 104 वर आली. सत्तावीस भागिले एकशे चार: सव्वीस टक्के. "एकदम सूखा" म्हणून दाखवलेला माल होता. भाच्याने तो कागद टालवाल्यापुढे ठेवला तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "तो भिया, दो महीने रुक जाओ." आम्ही थांबलो, पण त्याच्या शेडमध्ये नाही, आपल्या गच्चीच्या जिन्याखाली.

माप आणि बिल

चिरलेल्या लाकडाचा हिशोब घनफुटात होतो: रुंदी इंचात, गुणिले जाडी इंचात, गुणिले लांबी फुटात, भागिले 144. पाच बाय तीनच्या चौखटीला सात-सात फुटांचे दोन उभे आणि चार फुटांचा एक आडवा, म्हणजे 18 फूट. पंधरा गुणिले अठरा भागिले 144, 1.875 घनफूट. आता तोच नग प्रत्यक्षात पावणेपाच बाय पावणेतीन निघाला तर 1.63. दोन्हीकडे पाव इंच, आणि पैसे जवळजवळ पंधरा टक्के जास्त. पाव इंच डोळ्याला दिसत नाही, म्हणून मोजपट्टी. रंधल्यावर माप अजून उतरेल, तेव्हा तयार माप किती हवं ते आधी सांगा आणि कच्चं माप त्यावरून धरा.

कुणी गोल लाकूड घेऊन आऱ्यावर चिरून घ्या असं सुचवेल. तिथे माप चौथाई घेराने लागतं: घेराचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. 48 इंच घेर आणि दहा फूट लांबीचा गोला यात बरोबर दहा घनफूट बसतो. खरा गोल धरला तर पावणेतेराच्या जवळ. वरचं अडीच-पावणेतीन घनफूट फुकट मिळालं असं वाटतं, पण ते आणि त्याहून जास्त सालकटात, भुश्श्यात जातं. पहिल्या घराला हा खेळ करू नये.

निवडलेल्या प्रत्येक नगाच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने सही करा. लाजू नका. टालीवर निवडलेलं आणि ट्रॉलीतून उतरलेलं लाकूड एकच असेल याची दुसरी हमी नाही. बिलावर लाकडाची जात, प्रत्यक्ष माप, नगसंख्या आणि "पांढरा भाग नाही, ओल अमुक टक्क्यांपर्यंत" एवढं लिहून घ्या. ग्रेड एक असं कुणी लिहून देणार नाही, पण ग्रेड एक ज्याने बनते ते लिहून देतात.

कागदांचंही बघा. मध्य प्रदेशात आरागिरण्या 1984 च्या काष्ठ चिरान अधिनियमाखाली परवान्यावर चालतात. सरकारी डेपोच्या गोल्यावर हातोड्याचा ठसा असतो, तो चिरल्यावर जातो, म्हणून आपल्या हातात पक्कं बिल हवंच. शेतातला साग तोडून आणायचा असेल तर कुऱ्हाडीआधी वनखात्यात विचारा. वाहतुकीच्या परवान्यासाठी देशपातळीवरची ऑनलाइन सोय 29 डिसेंबर 2023 पासून आहे. बिनकागदाची स्वस्त ट्रॉली हाच खरा दो नंबर.

जुनं लाकूड

आपल्या शहरात हा एक चांगला मार्ग आहे. राजवाड्याचे वरचे मजले लाकडी, 1984 च्या आगीत त्याचं फार नुकसान झालं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण जुन्या काळातले साधे लाकडी वाडे आजही पाडले जातात आणि त्यांच्या तुळया, छताच्या कड्या विकायला येतात. वर्षानुवर्षं वाळलेलं लाकूड, आकसायचं ते आकसून झालेलं. फक्त भिंतीत गाडलेली टोकं पटाशीने टोचून बघा, कुज तिथेच असते. चिरायच्या आधी चुंबक फिरवून खिळे काढून घ्या, नाहीतर आरेवाला पात्याचे पैसे तुमच्याकडून घेईल, आणि त्यात त्याची चूक नाही. मला विचाराल तर चौखटीसाठी मी नव्या ओल्या सागाआधी हे बघेन.

घरी आल्यावर

सह्या जुळवा. मग लाकूड जमिनीपासून वीतभर उंच, सावलीत, वारा लागेल असं रचा. थरांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या दर दोन फुटांवर, आणि प्रत्येक थराच्या पट्ट्या खालच्या पट्ट्यांच्या बरोबर वर, नाहीतर तुम्हीच त्याला वाकवाल. टोकांना रंग किंवा मेण लावा. उन्हात वाळवू नका, ताडपत्रीत गुंडाळूनही नको.

भिंतीला लागणाऱ्या बाजूवर डांबर फासतात, ते बरोबरच आहे, पण लाकूड वाळल्यावर. ओल्यावर फासलं की पाणी आतच कोंडतं. चौखट उभी करताना दोन्ही बाजूंना तीन-तीन होल्डफास्ट (चौखट भिंतीत पकडून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या), ओळंबा दोन्ही दिशांनी, आणि कर्णांची मापं सारखी आली की मगच काँक्रीट. आतल्या कोरड्या जागी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी लाकडाला पाजलं तर कीड लांब राहते, मात्र ते पावसात धुऊन जातं, बाहेरच्या दाराला उपयोग नाही.

पल्ले बसवताना कॅलेंडर बघा. मेमध्ये बसवलेलं दार अगदी चपखल ठेवलंत तर ऑगस्टमध्ये खांद्याने ढकलावं लागेल. तेव्हा चहूबाजूंनी दोन-अडीच मिलिमीटर फट राहू द्या, सुतार कितीही म्हणाला की भद्दं दिसतं. ऑगस्टमध्ये बसवत असाल तर एवढी फट नको, ती मेमध्ये आपोआप पडणार आहे.